साप चावल्यावर पहिले पान कोणाचे?

मोबाइलवर 'खंडाळा' एवढाच शब्द टाकून शोधून पाहा. धबधबे, धुके, भाड्याचे बंगले, शनिवार-रविवारची पॅकेजेस आणि राजमाची पॉइंट समोर येईल. हे खंडाळा लोणावळ्याच्या शेजारचे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेले, सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे खंडाळा दिसायला बरेच खाली जावे लागते. फोनचे लोकेशन चालू असेल आणि तुम्ही आमच्याच भागात असाल तर थोडा फरक पडतो, इतकेच. या तालुक्यात शिरवळची औद्योगिक वसाहत आहे, लोणंदचा कांदा बाजार आहे, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आहे. पण १९९८ साली 'गुलाम' सिनेमातल्या एका गाण्याने त्या दुसऱ्या खंडाळ्याचे नाव देशभर पोचवले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगल ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून नावाच्या या शर्यतीत आम्ही मागे आहोत.

एरवी यावर हसून सोडून देता येते. पण घाटात अपघात झाला आणि पुण्यातले नातेवाईक 'खंडाळा सरकारी दवाखाना' शोधू लागले, तर त्यांना शंभरावर किलोमीटर दूरचा पत्ता मिळू शकतो. (अपघातात काही शोधत बसू नये, सरळ १०८ लावावा. २०१४ पासून ही सेवा राज्यभर आहे आणि तिला नावांच्या गोंधळाची बाधा होत नाही.) शोधयंत्राने कोणते पान वर दाखवावे आणि कोणते खाली, हा विषय दुकानदारांचा आणि जाहिरातवाल्यांचा आहे असे आपण धरून चालतो. ओपीडीत बसल्यावर तसे वाटत नाही. रुग्ण माझ्यासमोर येतो तेव्हा बहुतेक वेळा फोनचे मत आधीच घेऊन आलेला असतो.

माझ्या एका तरुण सहकाऱ्याने गेल्या वर्षी पावसाळ्याआधी सर्पदंशावर मराठीत एक छोटी वेबसाइट केली. स्वतःच्या खर्चाने, रात्री जागून. मजकूर चोख होता. साप चावल्यावर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने रक्त ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन हलू देऊ नका, अंगठी-बांगडी काढा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच संयुक्त लस चालते, त्यामुळे साप मारून आणायची किंवा पकडायची गरज नाही. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दंश फारसा दुखत नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे लोक पित्त झाले म्हणून वाट पाहतात, हेही त्याने सोप्या शब्दांत लिहिले होते.

चार महिन्यांत या वेबसाइटवर आलेली माणसे म्हणजे आम्ही काही डॉक्टर, त्याचे मित्र आणि त्याची आई. वेबसाइटचे पूर्ण नाव टाकले तर ती सापडे. 'साप चावल्यावर काय करावे' असे टाकले तर पाने उलटत गेले तरी पत्ता नसे. वर होते ते घरगुती उपाय सांगणारे मजकूर. कांदा, तुरटी, कडुनिंबाचा पाला आणि 'दंशाच्या वर घट्ट बांधा' हा सल्ला.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि पावसाळ्याच्या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्यात ठरले आहे. प्रतिविष, प्रशिक्षण, नोंदी, सगळे त्यात आहे. पण बांधावर साप चावलेल्या माणसाचा मुलगा फोन काढून जे पहिले पान उघडतो, ते कोणाचे असावे हा प्रश्न आपल्याकडे कोणाच्याच टेबलावर नाही.

पान वर येते कसे? हे समजायला डॉक्टरला फार अडचण पडू नये, कारण ही कल्पना विज्ञानाच्या नियतकालिकांतूनच उचललेली आहे. युजीन गारफिल्ड या अमेरिकी गृहस्थाने १९५५ साली 'सायन्स'मध्ये एक सूचना मांडली. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांनी केला याची सूची करावी, म्हणजे एखाद्या कामाचा माग काढता येईल. पुढच्या दशकात अशी सूची निघालीही. चाळीसेक वर्षांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी हेच तत्त्व इंटरनेटला लावले. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली म्हणजे त्याची शिफारस केली असे मानायचे. आणि शिफारस करणारा स्वतः किती वजनदार, यावर त्या शिफारशीचे वजन ठरवायचे. आज क्रम ठरवताना इतर शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, पण पाया हाच राहिला.

गावात नवा डॉक्टर पाटी लावतो तेव्हा असेच होते. पदवी कितीही मोठी असो, पहिले वर्ष माशा मारण्यात जाते. मग जुन्या डॉक्टरने एखादी केस पाठवली, सरपंचाच्या आईला गुण आला, की बोलबाला होतो. संशोधनातही तेच. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी दाखवले आणि कोकणातला शोध जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. रुग्ण बरे होत होते ते 'लॅन्सेट'ने छापले म्हणून नव्हे. पण 'लॅन्सेट'ने छापले नसते तर महाडच्या बाहेर ते कोणाला कळलेही नसते.

फरक इथे आहे की 'लॅन्सेट' छापण्याआधी मजकूर जाणकारांकडून तपासून घेतो. शोधयंत्र मजकूर खरा की खोटा हे तपासत नाही. त्याचे स्वयंचलित वाचक एका पानावरून लिंकच्या आधाराने दुसऱ्या पानावर जातात, शब्दांची नोंद ठेवतात आणि खुणांवरून विश्वासार्हतेचा अंदाज बांधतात. ज्या पानाकडे कोणाचीच लिंक नाही ते त्यांना उशिरा सापडते, आणि सापडले तरी त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. माझ्या सहकाऱ्याची वेबसाइट अशी अनाथ होती.

केवळ जुने आहे म्हणून पानाला गुण मिळतात असे नाही. पण जुन्या पानाकडे वर्षानुवर्षे लिंका साठत जातात आणि त्यांचे गुण मिळतात. भांड्याकुंड्यांच्या दुकानाला हा न्याय ठीक आहे. वैद्यकात 'जुने ते सोने' म्हणता येत नाही. आमच्या पिढीने शाळेत सर्पदंशावर दोरी बांधणे आणि ब्लेडने चीर देणे हाच प्रथमोपचार शिकला. आज तो अपाय मानला जातो. घट्ट बांधलेल्या पायाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि दोरी एकदम सोडली की साठलेले विष झटक्यात पसरण्याचा धोका असतो. जुना सल्ला जिथे जिथे लिहिला गेला, तिथून तो पंधरा ठिकाणी उतरवला गेला आणि सगळे एकमेकांना दुजोरा देत बसले. यंत्राला तिथे एकमत दिसते. नवा, बरोबर सल्ला देणारे पान त्याच्या दृष्टीने वेगळेच बोलणारे एकटे पान असते.

आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. घाट ओलांडला की वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ चा, एकूण खंड वीस, आणि हे सगळे आता इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येते. मराठीत एवढ्या वजनाचा ज्ञानसंग्रह दुसरा नाही. तरी त्यातली वैद्यकाची नोंद वाचताना खंडाचे साल पाहायला हवे. एड्स हा आजार ओळखला गेला १९८१ मध्ये, म्हणजे पहिल्या खंडानंतर पाच वर्षांनी. यात विश्वकोशाला उणेपणा नाही, छापील कोशाचा तो स्वभावच आहे. म्हणून तर ज्ञानमंडळे नेमून नव्या नोंदी लिहून घेतल्या जात आहेत. पण जुने खंड एका पत्त्यावर आणि नव्या नोंदी दुसऱ्या पत्त्यावर, अशी विभागणी झाली आहे. वाचकाला दोन्ही एकच विश्वकोश. यंत्राला मात्र ती दोन वेगळी घरे, आणि एका घराने मिळवलेली पत आपोआप दुसऱ्याला मिळत नाही. सरकारी खात्यांच्या वेबसाइटचे पत्ते बदलतात तेव्हाही असेच होते. जुन्या लिंका आंधळ्या होतात आणि वर्षांची कमाई एका रात्रीत शून्यावर येते.

आरोग्याच्या मजकुराला सामान्य मजकुरापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, हे शोध कंपन्यांच्या लक्षात आले नाही असे नाही. पैसा आणि जीव यांच्याशी संबंधित पानांसाठी गुगलने आपल्या परीक्षकांना वेगळी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. लेखकाचे ज्ञान, अधिकार आणि विश्वासार्हता पाहावी, असे त्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. ऑगस्ट २०१८ मध्ये क्रम ठरवण्याच्या पद्धतीत मोठा बदल झाला, तेव्हा आरोग्याच्या वेबसाइट इतक्या हलल्या की त्या बदलाला व्यवसायातल्या लोकांनी 'मेडिक' असे टोपणनाव दिले. इंग्रजीत याचा फायदा दिसतो. सर्पदंशाचा इंग्रजी शोध घेतला तर मोठी रुग्णालये आणि आंतरराष्ट्रीय संस्था वर येतात. मराठीत अशा संस्थांची पानेच जवळजवळ नाहीत. कसोटी कडक आहे, पण परीक्षेला बसलेले सगळेच कच्चे, तर त्यातला एक पहिला येणारच.

मराठीच्या काही अडचणी खास आपल्या आहेत. वर्षानुवर्षे आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरून टंकलेखन केले. डोळ्यांना ती मराठी दिसते, संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग असते. असा मजकूर शोधात येणे शक्यच नाही. युनिकोड आल्यावर हे सुटायला हवे होते. पण आरोग्यविषयक परिपत्रके अजून छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून वेबसाइटवर चढवली जातात. तो मजकूर नसतो, मजकुराचे छायाचित्र असते, आणि तेही बहुधा तिरके.

दुसरी अडचण शब्दांची. माझ्या सहकाऱ्याने पानाला शीर्षक दिले होते 'सर्पदंश व्यवस्थापन'. असा शब्द खंडाळ्यातला कोणता शेतकरी वापरतो? तो म्हणतो साप चावला, पान लागलं, जनावर चावलं. जनावर म्हणजे साप हे यंत्राला कोण सांगणार? शिवाय अर्धे लोक मराठी शोध रोमन अक्षरांत टाकतात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. काही जण बोलून शोधतात, तेव्हा 'फुरसं'चे 'फुरसत' होते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली मराठी आणि ओपीडीतली मराठी यांच्यात जे अंतर आहे, तेच अंतर शोधयंत्र निर्विकारपणे उघडे पाडते. शीर्षक 'साप चावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे' असे केल्यावर त्याच्याकडे थोडी माणसे येऊ लागली.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आपल्याकडे चांगल्या मजकुराची शिफारस होतच नाही असे नव्हे. ती व्हॉट्सॲपवर होते. त्या पानाचा मजकूर उचलून तो गावोगावच्या गटांत फिरला, आशाताईंनी पुढे पाठवला, एका शिक्षकाने शाळेच्या फळ्यावर लिहून काढला. हजारो लोकांनी वाचला असेल. पण व्हॉट्सॲपच्या आत काय फिरते ते शोधयंत्राला दिसत नाही, आणि मजकूर उचलताना मूळ पानाची लिंक बहुधा गळून पडते. त्यामुळे ही सगळी पत यंत्राच्या वहीत जमा होत नाही. पाचएक महिन्यांनी तोच मजकूर जाहिरातींनी भरलेल्या एका दुसऱ्या वेबसाइटवर, लेखकाचे नाव काढून, वरच्या क्रमांकावर झळकला. मध्ये एक कांद्याचा उपायही घुसवला होता.

याच सुमारास त्याला फोन येऊ लागले. महिन्याला अमुक हजार द्या, नव्वद दिवसांत पहिल्या पानावर आणतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने स्वतःच वेबसाइट चालवणाऱ्यांना लिहून ठेवले आहे. हमी देणारे काय करतात, तर शेकडो बनावट पानांवरून लिंका आणतात. यंत्राला ते कधीतरी कळते आणि मग पान आणखी खाली जाते. संधिवात मुळापासून बरा करून देतो म्हणणाऱ्या तंबूवाल्याच्या पुडीत स्टेरॉइड निघते, महिनाभर रुग्ण पळत सुटतो आणि मग आमच्याकडे सुजून येतो. हा प्रकार मला तसाच वाटला. माझ्या सहकाऱ्याने पैसे दिले नाहीत, कारण त्याच्याकडे ते नव्हते.

मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरात नसून 'माहिती' असेल तर तिला कोण विचारणार? शोधाच्या निकालात पैसे देऊन वर आलेल्या पानावर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचायची सवय लागायला हवी. खालच्या पानांसाठी मी रुग्णांना चार गोष्टी पाहायला सांगतो: लिहिणारा कोण, माहिती कुठून घेतली, त्याचा पैशाचा संबंध कशाशी, आणि तारीख कोणती. अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने १९९७ मध्ये, म्हणजे गुगलच्याही आधी, इंटरनेटवरच्या वैद्यकीय मजकुरासाठी याच चार अटी सुचवल्या होत्या. मराठीतल्या बहुतेक आरोग्यपानांवर चारांपैकी एकही सापडत नाही.

आता चित्र पुन्हा बदलले आहे. २०२४ पासून शोधाच्या निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश येऊ लागला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत या सारांशाने पिझ्झ्यावर चीज टिकावे म्हणून त्यात गोंद घालायचा सल्ला दिला आणि जगभर हसे झाले. कुठेतरी कोणीतरी केलेला विनोद त्याने खरा मानला होता. ज्या भाषेत चांगला मजकूरच विरळ, तिथे सारांश कशाचा होणार याची मला धास्ती वाटते. शिवाय सारांश वाचून माणूस खाली उतरतच नाही. म्हणजे विसाव्या क्रमांकावरून पाचव्यावर येण्यासाठी धडपडणाऱ्या नव्या पानाला पाचव्यावरही गिऱ्हाईक नाही.

शोधांचा क्रम म्हणजे निसर्गनियम नव्हे. २०२० मध्ये 'कोरोना' शब्द टाकला की आरोग्य मंत्रालयाची आणि जागतिक आरोग्य संघटनेची माहिती सगळ्यांच्या वर, वेगळ्या चौकटीत दिसत होती. आत्महत्येविषयी शोध घेतला तर मदतीचा क्रमांक आधी येतो. मग 'साप चावला', 'विंचू चावला', 'कीटकनाशक प्यायले' या शब्दांना मराठीत अशीच चौकट का असू नये? त्यासाठी मागणी राज्याच्या आरोग्य खात्याने करावी लागेल आणि चौकटीत टाकायला नीट मराठीतला मजकूरही द्यावा लागेल. भारतात दहापैकी नऊहून अधिक शोध एकाच कंपनीच्या यंत्रावर होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तिला शोधाच्या बाजारातली मक्तेदार ठरवले. एवढी सत्ता एका हाती असण्याबद्दल वाद घालू या, पण निदान त्या हाताकडे काही मागून तरी पाहू.

त्याहून सोपी गोष्ट आपल्याच हातात आहे. जिल्हा परिषदा, वैद्यकीय महाविद्यालये, कृषी विद्यापीठे, साखर कारखाने, वर्तमानपत्रे, या सगळ्यांच्या वेबसाइटना यंत्राच्या लेखी चांगली पत आहे. त्यांनी खात्री करून घेतलेल्या मराठी आरोग्यपानांच्या लिंका दिल्या तर खर्च शून्य. आज यातल्या बहुतेक वेबसाइटवर मान्यवरांचे फोटो आणि मुदत संपलेल्या निविदा असतात. आम्ही डॉक्टरही एकमेकांच्या कामाची लिंक देताना हात आखडता घेतो, जणू पेशंट पळणार आहे.

माझ्या सहकाऱ्याच्या पानाला अखेर एका महाविद्यालयाच्या वेबसाइटने आणि एका कृषी मासिकाने लिंक दिली. 'मण्यार चावल्याची लक्षणे' या शोधात ते आता पहिल्या दहांत येते. 'साप चावल्यावर उपाय' यात अजून कुठेच नाही, तिथे कांदाच राज्य करतो. त्याने वाट पाहायचे सोडून दिले आहे. क्यूआर कोड छापलेले हातभर कागद त्याने काढून घेतले. ते आता दूध संकलन केंद्रात, रेशन दुकानात, खतांच्या दुकानाच्या काउंटरवर आणि आमच्या ओपीडीच्या भिंतीवर लावलेले आहेत. कोडखाली ठळक अक्षरांत १०८ आहे, कारण रात्री बांधावर रेंज नसली तर पान उघडत नाही, फोन मात्र कधीकधी लागतो.